मावसभावाने दिलेला एसएमपीएस

मेहकरच्या प्रतीक्षाला लग्नाच्या व्हिडिओंनी नाव मिळवून दिलं होतं. पाठवणीचा प्रसंग ती असा जोडायची, की पाहताना वरमायसुद्धा डोळे पुसायची. शूटिंगला दुसरे जायचे. तिचं काम घरच्या कॉम्प्युटरवर. पण नवे कॅमेरे आले, फाइली जड झाल्या आणि मशीन रडतखडत चालू लागली. शेवटी तिने ग्राफिक्स कार्ड घेतलं. दुकानदाराने बजावलं, जुना एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, या कार्डाला पुरणार नाही.

चांगल्या कंपनीचा डबा तिला महाग वाटला. मग तिने हर्षलला विचारलं. हर्षल तिचा सख्खा मावसभाऊ, देऊळगाव राजात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बारावीनंतर तो तिच्याच माहेरी राहून, तिच्या आईच्या हातचं जेवून हे काम शिकला होता. त्याने एक डबा काढून समोर ठेवला. वर मोठ्या अक्षरात साडेसहाशे वॅट.

"ताई, नुसत्या नावाचे पैसे कायले देतं? माह्या मशीनलेही हाच हाये. डोळे झाकून लाव."

तिने लावला.

थोडे दिवस बरे गेले. मग व्हिडिओ तयार होता होता मशीन मध्येच बंद पडू लागली. हर्षल म्हणाला, कार्डातच खोट असेल. तिने कार्ड तपासून आणलं, ते ठणठणीत निघालं. मग तो म्हणाला, घरची वायरिंग जुनी आहे. तिने तीही बदलून घेतली. नवरा आल्हाद कुरकुरला, तर तिने त्यालाच गप्प केलं. हर्षल आपल्याला फसवणार नाही, म्हणाली.

एका दुपारी आतून फट्‌ आवाज आला, जळका वास सुटला आणि पडदा काळा झाला. दुसरबीडच्या एका लग्नाचं अर्धवट काम तिला दुसऱ्या स्टुडिओकडे द्यावं लागलं. मेहकरच्या मेकॅनिकने डबा खोलून दाखवला. लेबलावरच्या आकड्याच्या निम्माही भार त्याला पेलत नव्हता, आणि मरताना तो कार्डालाही घेऊन गेला होता.

डबा पिशवीत घालून ती एसटीने देऊळगाव राजाला गेली. हर्षल चहाला बाहेर गेला होता. टेबलावर त्याची स्वतःची मशीन उघडी पडली होती. तिने वाकून पाहिलं. आत तोच कंपनीचा एसएमपीएस होता, जो तिने महाग म्हणून सोडला होता.

हर्षल आला आणि तिची नजर कुठे आहे ते पाहून दारातच थांबला.

"तुह्या मशीनलेही हाच होता न?" तिने पिशवीतला डबा पुढे केला.

"तुले स्वस्तातला पाहिजे होता, ताई. अन्‌ तो माल पडून होता माह्याकडे."

"स्वस्त मागतला होता मी. खोटं नव्हतं मागतलं."

तो बदलून द्यायचं बोलू लागला. ती डबा तिथेच ठेवून निघाली.

मग हर्षलच्या आईचा, सिंधूताई मावशींचा फोन आला. घरातली गोष्ट घरातच राहू दे, म्हणाल्या. प्रतीक्षा हो म्हणाली. चार ठिकाणी विचारून, स्वतः वाचून तिने कमी वॅटचा पण खरा एसएमपीएस घेतला. तो काही फार महाग नव्हता. कार्डाविना काम हळू चालायचं, पण चालायचं.

भाऊबीजेला हर्षल नेहमीसारखा आला. तिने ओवाळलं, फराळ वाढला. मशीन कशी आहे, त्याने खाली मान घालून विचारलं.

"चालून राह्यली," ती म्हणाली.

कॉम्प्युटरच्या खोलीचं दार तिने तो यायच्या आधीच ओढून घेतलं होतं.