न झालेल्या सभेचा शोकप्रस्ताव

ती सभा मला आजही आठवते, आणि ती कधी झालीच नव्हती.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मी नाशिकला फौजदार होतो. एके सकाळी हरसूलकडची एक मुलगी ठाण्यात आली. खो-खोच्या राष्ट्रीय शिबिरासाठी तिची निवड झाली होती, पण यादीतून नाव कापलं गेलं होतं.

"साहेब, आमची जिल्हा संघटनाच आता ऱ्हायली नाय म्हनत्यात. मंग मी खेळले ते सपनात का?"

शिबिर महिन्यावर आलं होतं आणि पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. ठाणे अंमलदार म्हणाला, खेळातली भांडणं आपल्याकडे कशाला? मलाही तसंच वाटलं. पण मुलगी बाकावरून हलेना, म्हणून तक्रारअर्ज घेतला आणि चौकशी लावली.

या संस्थांचा कारभार मला तेव्हा कळला. जिल्हा संघटना राज्याला संलग्न, राज्य संघटना दिल्लीच्या महासंघाला. वरच्या खुर्चीची मतं खालून येतात, त्यामुळे निवडणूक जवळ आली की जिल्हे ताब्यात घ्यायचे. महासंघाचे अध्यक्ष मोठे पुढारी. एकदा नाशिकला आले, त्र्यंबकेश्वरला अभिषेक केला, पिंपळगावची द्राक्षं गाडीत भरली आणि मैदान न पाहताच गेले. खो पाठीमागून देतात, हे तरी त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आमच्या जिल्ह्याचे चिटणीस पेशाने शाळेतले कारकून. सभा घेऊन जुनी कार्यकारिणी बरखास्त केल्याचं इतिवृत्त त्यांनी दिल्लीला पाठवलं होतं. जुन्या कार्यकारिणीने पाठवलेले खेळाडू त्यामुळे आपोआप बाद. सभा झालीच नाही, अशी कुणकुण संघटनेच्या शिपायाने आमच्या हवालदाराला दिली. मी सह्या करणाऱ्या सभासदांचे जबाब घेत सुटलो. सगळ्यांचं एकच पालुपद: "चिटणीस वही आणतात, आम्ही सही ठोकतो. सही आमचीच आहे." मी हात टेकले.

शेवटचा पत्ता पंचवटीतला. दार एका वृद्ध बाईंनी उघडलं. मी कागदावरचं नाव वाचलं.

"अहो, त्यांना जाऊन दोन महिने झाले," बाई म्हणाल्या. "या नावाने विचारत आलेले तुम्ही पहिलेच. सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे."

सभेची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. ठाण्यात येऊन इतिवृत्त पुन्हा उघडलं. ठराव पहिला: 'संघटनेचे आधारस्तंभ आप्पा यांच्या दुःखद निधनाबद्दल ही सभा शोक व्यक्त करते.' आणि त्याच सभेच्या उपस्थितांत चौथी सही खुद्द आप्पांची!

चिटणिसांना बोलावलं. अंगाला हात लावायची वेळच आली नाही. पान समोर ठेवताच त्यांनी मान खाली घातली.

"दिल्लीहून घाई होती. गणपूर्तीला एक सही कमी पडली. मागच्या वहीतली गिरवली."

"मग शोकप्रस्ताव कशाला लिहिलात?"

ते दुखावल्यासारखे झाले. "साहेब, खेळ मला आप्पांनी शिकवला. त्यांचा शोकप्रस्ताव न घेता इतिवृत्त सुरू तरी कसं करणार?" असं म्हणून ते रडायला लागले. रडणं खरं होतं. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली. दिल्लीहून घाई कोणी केली, याचा मात्र एक चिटोराही सापडला नाही.

बनावट दस्तऐवजाचा गुन्हा नोंदवला. इतिवृत्ताच्या नकला महासंघाला पाठवल्या. मुलीला चिटणिसांच्या अटकेची बातमी दिली, तर ती म्हणाली, "त्यांला आत नका टाकू, साहेब. मला निस्तं खेळाया जाऊ द्या."

शिबिराच्या आदल्या दिवशी दिल्लीचं उत्तर आलं. 'पत्राची नोंद घेतली आहे. विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल.' मी ते तिला वाचून दाखवलं.

"येती सभा म्हंजी कवा?" तिने विचारलं. पत्रात तारीख नव्हती.

गुन्हा उघडकीला आणला की फिर्यादीला न्याय मिळाला, असं मी तोवर समजत होतो. पुढे चिटणिसांना शिक्षा झाली, मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली. खेळायला मात्र दुसरीच मुलगी गेली.