नाकवाल्या मॅडम

नाकातला पू तपासायला द्यायचा होता, आणि आदल्याच दिवशी मी घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या खाल्ल्या. वर सकाळी मिठाच्या पाण्यानं नाक लख्ख धुतलं. बाईमाणसापुढे घाण नाक कसं न्यायचं! "गोळीबिळी घेतली काय?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. "छे, छे," मी म्हणालो.

बोरगाव मेघेच्या या नाकवाल्या मॅडमना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कपाळावर दिवा, हातात चिमटा, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या चालू. पेशंटच्या मानेला फुकटचा व्यायाम. "आधी त्याचं नाव कळू द्या, मग मारू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तो म्हणजे जंतू.

माझी सिंदी मेघेला बेकरी. तुपाची बिस्किटं झाली की नाही, हे मला घड्याळ नाही, नाक सांगतं. पण सायनस पुन्हा पुन्हा उसळायचा, वास जायचा आणि ट्रेच्या ट्रे काळे निघायचे. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. त्यात मॅडम महिनाअखेर दवाखाना बंद करून लेकीकडे नागपूरला निघालेल्या.

रिपोर्ट आला : लॅबच्या बशीत काहीच उगवलं नाही. मॅडमच्या फेऱ्या वाढल्या. "पू हाय अन् जंतू नाई? असं कसं?"

शेजारी बायको होती. "काऊन लपवता जी? आदल्या दिवशी दोन गोळ्या घेतल्या ना तुम्ही!"

मॅडम जागच्या जागी थांबल्या. मला भीतीच वाटली.

"टाकीच्या तळाले बुळबुळीत थर बसते ना भाऊ, तसा हा सायनसमध्ये चिकटून बसते. अर्धवट गोळ्यांनी दडते, मरत नाई. सर्दी झाली का पुन्हा उठते. आता गोळी बंद. मी जायच्या आत नमुना पाहिजे मले."

ते दिवस! कपाळ ठणकतंय, गाल जड, आणि आता मीच घरभर फेऱ्या घालतोय. हात सारखा गोळ्यांच्या डब्याकडे. तेवढ्यात मॅडमचा फोन, "डबा बायकोजवळ द्या."

दुसऱ्या नमुन्यात जंतू उगवला. माझ्या लाडक्या गोळीला तो भीकही घालत नव्हता. मग वेगळं औषध आलं, तेही पुरतं घेतलं. एका सकाळी भट्टीतून तुपाचा वास आला, आणि मी पिठाच्या हातानं बोरगावला धावलो. मॅडम खोक्यांमधून वाट काढत सामान भरत होत्या.

मी एक खोकं उचलून दिलं. "मॅडम, नागपुरात आमची आठवण येईल ना?"

"तुमच्या जंतूची येईल," मॅडम न थांबता म्हणाल्या. "तो निदान खोटं तरी नाई बोलला."