चार नंबरची खुर्ची

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. डायलिसिसच्या या हॉलमध्ये मला बावीस वर्षं झाली. दहा खुर्च्या, दहा मशीन आणि मी. पेशंट मला तोंडावर ताई म्हणतात आणि पाठीमागे हवालदारीण. मला ठाऊक आहे, आणि त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या किडन्या कामातून गेल्यात त्यांच्याशी गोड बोलून भागत नाही. जरा लाड केले की पठ्ठे तांब्याभर पाणी ढोसून येतात, पाय सुजून खांबासारखे झालेले, आणि मग चार तास माझ्याच नावाने कण्हत पडतात.

चार नंबरच्या खुर्चीवर ड्रायव्हरकाका बसायचे. सहा वर्षं बसले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. सात म्हणजे सात. पावणेसातला दारात उभे, डाव्या हाताची बाही दुमडलेली, कारण सुया त्याच हातात टोचायच्या. एकतीस वर्षं बस चालवली होती त्यांनी. सुई टोचताना इतरजण तोंड फिरवतात, काका टक लावून बघायचे. म्हणायचे, "गियर टाकताना डोळे मिटले तर कसं चालेल?"

बिघडलेल्या गाडीशी त्यांचं जुनं वैर. एकदा ब्रेक ढिला वाटला म्हणून त्यांनी भरलेली बस डेपोतून बाहेर काढायला नकार दिला होता. साहेबाने पंधरा दिवस घरी बसवलं. काका घरी बसले, पण किल्ली हातात घेतली नाही. ही गोष्ट त्यांनी मला निदान चाळीस वेळा ऐकवली असेल. मी म्हणायची, "काका, कॅसेट बदला आता."

आमच्या हॉलच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पहिली म्हणजे केळं. केळं, संत्र्याचा रस, असलं काही आमच्या लोकांना विषच. त्यातला एक क्षार किडनीशिवाय बाहेर पडत नाही, अंगात साठतो, आधी पायातला जोर जातो आणि मग हृदय थांबतं. पण मशीन चालू असताना मशीन तो काढून टाकते. म्हणून पहिल्या तासात हळूच पिशव्यांतून केळी निघतात. मी बघून न बघितल्यासारखं करते. यातून एक खोड मात्र जडते. "उद्या सकाळी मशीनवर आहेच की," म्हणत लोक आदल्या दिवशीच हात मारतात.

दुसरी गोष्ट अशी की आमच्याकडे कुणी मेलं तर आम्ही बाकीच्यांना तसं सांगत नाही. "दुसऱ्या सेंटरला गेले," एवढंच म्हणतो. मी आले त्याच्या आधीपासूनची पद्धत आहे ही. ऐकणारा मान खाली घालतो. कुठलं सेंटर, असं बावीस वर्षांत मला एकानेही विचारलेलं नव्हतं.

तर मागच्या थंडीत एक दिवस काका म्हणाले, "ताई, एक विचारू? ओरडणार नाही ना?"

"आधी ओरडून घेऊ का? मग विचारा."

"हिला समुद्र दाखवायचाय."

ही म्हणजे काकू. एकतीस वर्षं गाडी हाणून काकांनीही समुद्र पाहिला नव्हता. त्यांचा रूट डोंगराच्या पायथ्याशी संपायचा. रस्त्याने समुद्र दोन दिवसांवर, आणि दोन-दोन दिवस गाडीत धक्के खाणं मशीनवरच्या माणसाला झेपत नाही. म्हणजे विमानच. त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. शुक्रवारी इथे मशीन, शनिवारी विमान, सोमवारी सकाळी तिकडच्या सेंटरला मशीन. आठ दिवसांनी परत.

मी ओरडले, अर्थातच. पण त्याच दुपारी तिकडच्या सेंटरला फोन लावला, त्यांच्याकडची एक खुर्ची मिळवली, काकांची सगळी माहिती पत्रात लिहिली आणि डॉक्टरांची सही आणली. काका ते पत्र हातात धरून एवढे खूश झाले की मीच लाजले.

जाताना म्हणाले, "माझी खुर्ची आठ दिवस रिकामी कशाला ठेवता? त्या बाळंतिणीला द्या."

बाळंतीण म्हणजे एक तरुण पोरगी. पहिल्या बाळंतपणातच तिच्या किडन्या गेल्या. आमच्याकडे जागा नव्हती म्हणून ती दर खेपेला तीन तास प्रवास करून दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलला जायची आणि तीन तास परत. तोवर तान्हं मूल शेजारणीकडे. आमच्या वेटिंग लिस्टमध्ये तिचं नाव पहिलं होतं.

"देते," मी म्हटलं.

"पण मग मध्येच तिला उठवायचं नाही हं. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. शब्द द्या."

मी दिला. शब्द द्यायला काय लागतं?

काका निघायच्या आदल्या दिवशी, त्या शुक्रवारी, आणखी एक प्रकार झाला. सात नंबरवाला, एक तरणाबांड गडी, बुधवारी आलाच नव्हता. लग्नाला गेला होता म्हणे. शुक्रवारी उगवला, तोही दीड तास उशिरा. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या हॉलसमोर मी त्याला सोलून काढला. "ही काय धर्मशाळा आहे? वाटेल तेव्हा यायचं? वेळ चुकली की खुर्ची गेली! फोन करून रडायचं नाही, इथे कुणी उचलणार नाही!" गडी दारात पायातले बूट बघत उभा राहिला. काका चार नंबरवर बसून सगळं ऐकत होते.

आता खरं काय ते सांगते. कोपऱ्यात आमची एक जादा मशीन असते, अडीअडचणीसाठी. त्याच दुपारी मी त्या सात नंबरवाल्याला तिच्यावर घेतला आणि वरून चहाही पाजला. मी ओरडते, पण परत कुणाला पाठवलेलं नाही. कधीच नाही. पण हे काकांना कुठे माहीत? ते सकाळची पाळी संपवून केव्हाच घरी गेले होते, बॅग भरायला.

शनिवारी काकांचं तिकीट ज्या कंपनीचं होतं तिच्या विमानांच्या इंजिनांत दोष सापडला आणि एका फटक्यात सगळी विमानं जमिनीवर उभी केली. सोमवारी आमच्या हॉलच्या टीव्हीवर तेच चालू होतं. बॅगांचे ढीग, फरशीवर झोपलेली माणसं, काउंटरवरच्या पोरींच्या अंगावर धावून जाणारे लोक. चार नंबरवर बाळंतीण बसली होती. ती म्हणाली, "ताई, काका अडकले तर नसतील?"

"अडकले असते तर फोन केला असता," मी म्हटलं. "तोंड आहे ना त्यांना."

दुपारी तिकडच्या सेंटरहून फोन आला. तुमचा पेशंट आला नाही. मला राग आला. सहा वर्षं शिस्तीत राहिलेला माणूस समुद्र बघून पाघळला, असं वाटलं. मी काकांचा नंबर लावला. लागला नाही. तेवढ्यात दोन मशीनचे अलार्म एकदम वाजले, मी धावले, आणि दुसऱ्यांदा लावायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, लावला नाही.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास विमानतळावरच काका वारले. पत्रावर आमच्या हॉलचा नंबर होता, दुपारी तिथून मला फोन आला.

पुढचं मला काकूंनी सांगितलं. महिन्याभराने त्या हॉस्पिटलात आल्या, दुपारी, हॉल रिकामा असताना. हातात ते माझंच पत्र आणि पाण्याची छोटी बाटली. बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या, दिवसाला किती प्यायचं त्याच्या. स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलत राहिल्या.

शनिवारी चार तास रांगेत उभं केलं आणि विमान रद्द म्हणून सांगितलं. उद्या संध्याकाळी या. दुसऱ्या कंपन्यांची विमानं आठवडाभर भरलेली. एक माणूस काउंटरवर मुठी आपटून शिव्या देत होता, तर काका त्याच्याशीच भांडले. "नादुरुस्त गाडी बाहेर काढली नाही म्हणून बोंबलताय? काढली असती तर बोंबलायला राहिला असता का?" काकूंनी त्यांना बाही धरून मागे ओढलं.

रविवारी संध्याकाळी पुन्हा गेले. या वेळी सगळं नीट झालं. बॅगा गेल्या, पास मिळाले, दार उघडलं, माणसं आत सोडायला सुरुवात झाली. खोळंबलेल्यांना कंपनीने खाण्याचा डबा वाटला होता. त्यात एक केळं आणि संत्र्याच्या रसाचं पाकीट. दोन दिवस काका घोटाघोटाने पाणी पीत होते. रांग पुढे सरकली तसे काकूंना म्हणाले, "आता काय, उद्या सकाळी तिकडे मशीनवर आहेच." रस पिऊन टाकला. केळंही खाल्लं. काकूंच्या पाकिटातला रससुद्धा प्यायले, आणि लहान मुलासारखे हसले.

वीस मिनिटांनी सगळ्यांना परत बोलावलं. ते एक विमान तपासून तयार केलं होतं, त्यातही काहीतरी निघालं. रात्री दोघं पुन्हा घरी आले.

"सोमवारी सकाळी साडेसहाला उठून आंघोळ केली," काकू म्हणाल्या. "बाही दुमडून दाराजवळ खुर्चीवर बसून राहिले. मी म्हटलं, अहो, हॉस्पिटलला जाऊ या ना, इथेच आहोत तर. तर म्हणाले, आधी ताईंना विचारतो. फोन घेऊन बाहेर गेले. आत येऊन म्हणाले, ताई म्हणाल्या, एका दिवसाने काही बिघडत नाही, मंगळवारी तिकडेच करा."

मला कसलाही फोन आलेला नव्हता.

"सोमवारचंही विमान रद्द झालं. संध्याकाळी म्हणाले, पायात जोर नाही. मला वाटलं, उभं राहून राहून झालं असेल." काकूंनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. "मंगळवारी बाकावर बसले होते. समोर काचेतून विमान दिसत होतं. मला म्हणाले, टायर बघ, नवे घातलेत. मग मान खाली घातली. मला वाटलं, डोळा लागला. त्या दिवशी विमान उडालं, ताई. वेळेवर उडालं."

मग त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना? मंगळवारी चालेल म्हणून?"

काय सांगणार होते मी? तुमचा नवरा तुमच्याशी खोटं बोलला? फोन कानाला लावून एकटाच व्हरांड्यात उभा राहिला, आणि कुणालाच लावला नाही? त्या पोरीला खुर्चीवरून उठवावं लागेल म्हणून? की मी ओरडेन म्हणून? दोन्ही असेल. सहा वर्षं माझ्यासमोर सुया टोचून घेणारा माणूस माझ्या तोंडाला भ्यायला. कोपऱ्यातली मशीन रिकामी होती त्या सोमवारी. दिवसभर रिकामी होती.

"हो," मी म्हटलं. "मीच म्हणाले. माझी चूक झाली, काकू."

मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुमच्या शब्दाबाहेर गेले नाही." आणि उठून गेल्या. पत्र आणि बाटली तशीच टाकून गेल्या. पुन्हा कधी बोलल्या नाहीत, आणि रस्त्यात दिसल्या तरी थांबायच्या नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

चार नंबर आता कायमचा बाळंतिणीचा. ती मात्र मानायला तयार नव्हती. आठ दिवस संपले त्या सोमवारी, म्हणजे काकू येऊन गेल्या त्याच्या बऱ्याच आधी, पावणेसातला येऊन भिंतीला टेकून उभी राहिली, खुर्चीत बसेना. "काका आज येणार ना? मी कोपऱ्यात थांबते, ताई."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. सात नंबरवालासुद्धा.

मी म्हटलं, "काका दुसऱ्या सेंटरला गेले."

आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी मान खाली घातली नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. सगळ्यांनी काकांच्या हातात ते पत्र पाहिलं होतं ना, तिकडच्या सेंटरचं. कुणीतरी टाळीच वाजवली. सात नंबरवाला म्हणाला, "म्हातारा तिकडेच रमला बघा!" बाळंतीण खुर्चीत बसली, बाही वर केली, आणि मला विचारलं, "कुठलं सेंटर, ताई? समुद्राजवळ आहे का?"

"हो," मी म्हटलं. "खिडकीतून दिसतो."

आणि तिच्या हातात सुई टोचली.