फुल पॉवरवाले वकील

“आमचं विमानतळ जागेवर नसायचं, गो,” हे काका दिवसातून एकदा तरी म्हणायचेच. कुणी तारखेला उशिरा आलं, कुणाला कोर्टाची खोली सापडली नाही, की हे वाक्य ठरलेलं. तरुणपणी ते नौदलात वैमानिक होते. एकाहत्तरच्या लढाईत विमानवाहू जहाजावरून उडायचे. निघताना जहाज एकीकडे, परत येईपर्यंत ते भलतीकडेच गेलेलं. हे सगळं ऐकवून ते पक्षकाराकडे असं काही बघायचे की बिचारा पुढच्या तारखेला पहाटेच येऊन बसायचा.

काका मूळचे मालवणचे. बायको मात्र नोएडाच्या पलीकडची, मेट्रो संपली की पुढे ऑटोने जावं लागतं अशा गावातली. सासरे तिथे वकील होते. नौदल सोडल्यावर काकांनी कायद्याची परीक्षा दिली आणि सासऱ्यांचंच टेबल चालवायला घेतलं. काकू गेल्या तरी ते तिथेच राहिले. कोर्टात सगळे त्यांना ‘कमांडर साहब’ म्हणत. ते कमांडर कधीच झाले नव्हते. “इथली बढती घ्यायला सरकार लागत नाही,” म्हणायचे.

टेबल होतं कोर्टाच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली. जहाजावर मोकळी वस्तू ठेवायची नसते म्हणे. त्यामुळे खुर्ची, छत्री, जेवणाचा डबा, सगळं सुतळीने बांधलेलं. एकदा त्यांनी एका म्हातारीची कागदांची पिशवी अशी काही बांधली की ऐन पुकारा झाल्यावर ती गाठ त्यांनाच सुटेना. शेवटी समोरच्या न्हाव्याचा वस्तरा मागवला. पिशवी फाटली, म्हातारी भडकली, आणि काका आपले कापलेल्या गाठीकडे कौतुकाने बघत बसले.

तुम्ही म्हणाल, लढाईच्या गोष्टी सांगत असतील. मीही विचारलं होतं, “काका, युद्धात तुम्ही काय केलंत?”

“पोट बिघडलं होतं,” काका म्हणाले. “बंगालच्या उपसागरावर. पुढचं विचारू नको.”

माझी त्यांची ओळख झाली ती सुकटीमुळे. मी यवतमाळकडची, मोठ्या परीक्षेच्या तयारीला दिल्लीत आलेली. तिथलं भाडं झेपेना म्हणून काकांच्या या गावात घरमालक लालाजींच्या गच्चीवरची खोली घेतली. एका रविवारी आईने पाठवलेली सुकट मी तव्यावर भाजली. झालं. लालाजी शुद्ध शाकाहारी माणूस. गच्चीवर काहीतरी मेलंय म्हणून त्यांनी पाण्याची टाकी उपसली, कुलर उघडला, शेवटी माझ्या तव्यापाशी येऊन थांबले. आठवड्यात खोली खाली कर, म्हणाले. माझी मेन्स तोंडावर आलेली, आणि तो माझा शेवटचा प्रयत्न होता. खोली गेली असती तर परीक्षाही गेली असती. मी रडत कोर्टात गेले. माझं मराठी ऐकून कुणीतरी काकांच्या टेबलाकडे बोट दाखवलं.

“सुकट?” काकांनी चष्मा वर केला. “थोडी उरलीय काय गो?”

ही त्यांची फी. केस तिथल्या तिथे घेतली.

लालाजींना कोर्ट नवीन नव्हतं. कधी गटारावरून, कधी भिंतीवरून, त्यांचा कुणाशी तरी खटला चालूच असायचा आणि समोर वकील म्हणून दर वेळी काकाच. काका भर कोर्टात त्यांची सालटी काढायचे. बाहेर आल्यावर दोघे एकाच बाकावर बसून चहा प्यायचे. हा काय प्रकार होता ते मला तेव्हा कळलं नाही.

काकांची एक खोड मात्र सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. जहाजावर उतरताना विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवर ताणलेल्या आडव्या वायरीत अडकवावा लागतो. नाही अडकला तर विमान थेट समुद्रात. म्हणून चाकं टेकली की वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट फुल पॉवर देतो. वायर चुकली तर परत उडता आलं पाहिजे. काका वकिली अशीच करायचे. निकाल आपल्या बाजूने लागला की यांचा आवाज दुप्पट.

माझ्या वेळी तेच झालं. जज मॅडम म्हणाल्या, “परीक्षा होने तक लड़की वहीं रहेगी.” मी हात जोडले. काकांनी फुल पॉवर दिली.

“और मॅडम, सिर्फ सुकट नहीं! बोंबील भी सूखेगा! पूरी छत पर!”

लालाजी पांढरे पडले. मॅडमनी खाली ठेवलेलं पेन परत उचललं. आता संपलं, असं वाटून मी काकांचा काळा कोट मागून दोन्ही हातांनी ओढला. काका जागच्या जागी थांबले.

“लागली काय वायर?” त्यांनी मागे वळून विचारलं.

“लागली, काका. बसा आता.”

ते बसले. खिडकी बंद करून भाजायची, या अटीवर खोली माझ्याकडे राहिली.

परीक्षा सुरू झाली आणि लालाजी एकदम सुधारले. रोज सकाळी स्कूटरवरून मला मेट्रोपर्यंत सोडायला लागले. कोर्टाला घाबरले, असं मला वाटलं. काका फोन उचलत नव्हते. विचारलं तर लालाजी समोर बघत म्हणायचे, “गला बैठा है उनका. तुम पेपर देखो.”

शेवटच्या पेपराला ते थेट केंद्राच्या फाटकाशी उभे होते, एवढ्या लांब दिल्लीत, त्या खटारा स्कूटरवर. तिथेच त्यांनी सांगितलं. काका पहिल्याच पेपराच्या दिवशी वारले होते. हॉस्पिटलात त्यांच्याजवळ लालाजीच होते. काकांनी त्यांच्याकडून शपथ घेतली होती, पोरीला शेवटच्या पेपरापर्यंत काही सांगायचं नाही म्हणून.

मी मागे बसून रस्ताभर रडले. मला फार राग आला होता, आणि फार प्रेमही दाटून आलं होतं. लबाड, खोटारडे, म्हातारे, जे तोंडाला येईल ते मी बोलत होते, काकांना आणि लालाजींनाही.

लालाजींनी स्कूटर कडेला घेतली.

“सुना ले बेटा,” ते मागे न वळताच म्हणाले. “अब मुझे सुनाने वाला कोई नहीं बचा.”