हुंग्याचं नाक

आमच्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे हुंग्या म्हणतात. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव आता फक्त लाइटबिलावर छापून येतं. गाड्यांच्या पेट्रोलच्या टाक्या कापायच्या, वाढवायच्या, वेल्डिंग करून द्यायच्या, हा त्याचा धंदा. आणि ठिणगी पाडायच्या आधी टाकीच्या तोंडाला नाक लावून हुंगायचं, हा त्याचा थाट. लोक पोटच्या पोराचा पापा इतक्या प्रेमानं घेत नाहीत.

"रिकाम्या टाकीत जळायला असतं काय?" असं चुकून कुणी विचारलं, की स्वारी तापलीच म्हणून समजा. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त वाईट, आत उरलेली वाफ आणि हवा एकत्र आली की एक ठिणगी पुरते, हे व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मग धुणं सुरू. टाकी गाडीखालून काढायची, पेट्रोल उपसायचं, आत साखळी टाकून खळखळवायची, साबणाच्या कढत पाण्यानं धुवायची, परत धुवायची, तोंड बांधून उन्हात ठेवायची. पत्र्याच्या दुमडीत दडून बसलेलं पेट्रोल ऊन लागलं की बाहेर येतं म्हणे. मग तोंड उघडून हुंगायचं. शिवाय जमेल तिथं वेल्डिंगच्या जागेपर्यंत पाणी भरून ठेवायचं, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. एवढ्या आंघोळी याने स्वतः जन्मात केल्या नसतील.

मध्यंतरी त्याला सर्दीनं चांगलं आडवं केलं. उठला तो गप्पच. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोक्तपणा आला! माझी अक्कल बघा.

त्या सकाळी भावजय माहेरी गेलेली, तेव्हा स्वयंपाकघरात माझं राज्य. दूध मंद गॅसवर ठेवलं, याला म्हटलं लक्ष दे, आणि कपडे वाळत घालायला अंगणात गेले. थोड्या वेळानं करपल्याचा वास थेट दोरीपर्यंत आला. धावत आत आले तर साहेब शेगडीला पाठ लावून, हातभर अंतरावर, निवांत पेपर वाचतायत.

"अरे, ते नाक आहे की चष्म्याची खुंटी?" मी ओरडले.

त्यानं वळून पातेल्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. एरवी त्यानं उलट मलाच चार शब्द सुनावले असते. आज पेपर तिथंच टाकून उठला आणि मागच्या शेडकडे कामाला निघून गेला.

मी त्याचा उद्धार करत पातेलं घासायला घेतलं. अर्धं घासून झालं आणि हात थांबला. हातभरावरचं करपलेलं दूध ज्याला कळत नाही, तो शेडमध्ये जाऊन करणार काय? राखेचे हात तसेच घेऊन मी पळाले.

शेडच्या दारात एक फोटोवाला गिऱ्हाईक उभा होता. हा जंगलात महिनाभर राहून जनावरांचे फोटो काढतो. तिथं पंप नाही, म्हणून गाडीची टाकी मोठी करून हवी होती. टाकीची अख्खी बाजू कापून काढायची, आत आडव्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे पेट्रोल डचमळणार नाही, आणि बाहेरून जादा खोकं जोडायचं. यात पाणी भरायची सोय नाही. सगळा भरवसा नाकावर.

आणि ते नाक आमचे बंधुराज टाकीत घालून, डोळे मिटून उभे! लांब श्वास घेतला, मान वर केली, म्हणाले, "स्वच्छ."

"वा!" फोटोवाला म्हणाला. याला वा म्हणायला काय जातंय!

भावानं ग्राइंडर उचलला. मी मध्ये घुसले आणि टाकीला नाक लावलं. पेट्रोलचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. मग मी एकच केलं. टाकीच्या तोंडावर पदराचा बोळा दाबला आणि टाकीवर बसले. माझं वजन आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं.

"ताई, काय झालं हो?" फोटोवाला घाबरून म्हणाला.

"काही नाही, पाय दुखले. तुम्ही जरा रस्त्यापलीकडे जा, तिथं मांजर बसलंय, त्याचे फोटो काढा."

तो गेल्यावर मी भावाला विचारलं, "कधीपासून?"

"सर्दी झाली तेव्हापासून." त्यानं ग्राइंडर खाली ठेवला. "ताई, आधी वाटलं येईल परत. रोज हुंगायचो. सगळ्याच टाक्या स्वच्छ वाटायला लागल्या. बरं वाटायचं गं."

"बरं वाटायचं? मेल्या, तुझे तुकडे आम्ही कुठं कुठं वेचले असते?" मला इतका राग आला होता की आवाज फाटला. "लोकांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? लोक माझ्याकडे येतात ते कशासाठी? वेल्डिंग काय, कुणीही करतो."

"वाफ मोजायचं मीटर मिळतं ना?"

"मिळतं. ज्यांना नाक नाही त्यांच्यासाठी, असं मीच सगळ्यांना सांगत आलोय."

घ्या! नाकानं कांदे सोलायची हौस ही अशी. मी म्हटलं, "मी इथून उठणार नाही. आधी त्या माणसाला सांगून ये."

तो गेला. मी टाकीवर बसून बघत होते. फोटोवाल्यानं ऐकून घेतलं, दोन पावलं मागे सरकला, हात हलवून काहीतरी बोलला. भाऊ परत आला.

"टाकी कोपऱ्यावरच्याकडे नेतो म्हणाला."

कोपऱ्यावरचा वेल्डर म्हणजे याचा हाडवैरी. हा त्याच्या दारावरून जाताना मान फिरवतो, आणि तो याला बघून मुद्दाम जोरात नाक ओढतो.

"नेऊ दे," मी म्हटलं. "सुटलास."

"तो धूत नाही, ताई. गिऱ्हाइकानं रिकामी आहे म्हटलं की सरळ पेटवतो."

भावानं नळाची नळी ओढली आणि टाकी काठोकाठ पाण्यानं भरली. भरलेली टाकी उचलून हातगाडीवर ठेवताना आम्हा दोघांचे खांदे निखळायचे बाकी राहिले. तो पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होते. अख्खी गल्ली दारात आलेली. हा हुंग्या, टाकी घेऊन, आणि तेही कोपऱ्यावर? कुणीतरी विचारलंच, "काय रे, आज तिकडे?"

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारेल. मी असते तर मारली असती.

त्यानं हातगाडी थांबवली आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "मला वास येत नाही. ही टाकी अजून नीट धुतली गेलेली नाही, त्याला सांगायला चाललोय."

मला हुंदका आवरेना, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.