चिमणीच्या वॉर्डातली नोकरी

थोरली आणि चिमणी सख्ख्या मावसबहिणी, वयात जेमतेम दोन महिन्यांचं अंतर. दोघींनाही नर्सिंगला जायचं होतं. "प्रवेश परीक्षेआधी एखाद्या हॉस्पिटलात मदतनीस म्हणून राहा," चिमणीची आई, म्हणजे थोरलीची मावशी, म्हणाली. "झेपतंय का ते तरी कळेल."

चिमणीनं बाजारामागचं जुनं हॉस्पिटल धरलं. थोरलीनं मुद्दाम काचेच्या दारांचं, मोठं निवडलं. लहानपणापासून जो तो चिमणीचं कौतुक करायचा. आता तरी तिच्यावर मात करायची होती.

पण तिथं वाट्याला आलं काय, तर रक्ताच्या नळ्या घेऊन दिवसभर लिफ्टनं वर-खाली करणं. पेशंट दिसायचा तो स्ट्रेचरवरून जाताना. आणि सुट्टीच्या दिवशी चिमणी सांगत बसायची, "सिस्टरनी नुकतं जन्मलेलं बाळ माझ्या हातात दिलं गं! निसटतंय की काय असं वाटलं."

एकदा थोरली फणकारली, "त्यात काय एवढं! आमच्याकडची मशिनं बघशील तर..."

"तू चालवतेस?" चिमणीनं भाबडेपणानं विचारलं.

थोरलीला तोंडात मारल्यासारखं झालं. पुढच्याच आठवड्यात ती जुन्या हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"एवढं चकाचक सोडून इथं का?"

"काम शिकायचंय," ती म्हणाली. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

शिकवायला नेमकी चिमणीच मिळाली. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, तो पलंगावर असतानाच चादर कशी बदलायची, सगळं तिनं हातचं न राखता दाखवलं. त्या वॉर्डात एक धिप्पाड ट्रकवाले काका होते, अर्धं अंग लुळं पडलेले. थोरली जवळ गेली की ते तोंड फिरवायचे. "ती बारकी कुठंय? तिलाच बोलवा."

एकदा चिमणी तापानं घरी पडली. काकांपुढे इलाज नव्हता. थोरलीनं त्यांचा गुडघा वाकवला, खांद्याला आणि कमरेला हात लावला, आणि ते अलगद कुशीवर आले. पाठ पुसून झाल्यावर काका पुटपुटले, "तिच्यापेक्षा तुझा हात हलका आहे, पोरी."

थोरलीचे पाय जमिनीवर ठरेनात. ड्यूटी संपताच ती मावशीकडे धावली आणि काकांचं वाक्य शब्दन् शब्द ऐकवलं. चिमणीचा चेहरा पडलेला तिला एकदा तरी बघायचा होता.

"खरंच?" चिमणी पांघरुणातून उठून बसली. "बरं झालं गं बाई! मला त्यांचीच काळजी लागली होती." आणि कूस बदलून निवांत झोपली.

थोरली चहासुद्धा न घेता घरी गेली.

पुढं दोघी पास झाल्या, एकाच कॉलेजात लागल्या. होस्टेलची खोलीही एकच मिळाली. खिडकीजवळचा पलंग चिमणीनं आपणहून तिला देऊन टाकला. थोरलीनं तो घेतला, आणि त्याचाही तिला रागच आला.