आबांना उठवायचा खेळ

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, तुम्ही हसणारच. मी तुमच्या जागी असतो तर मीही हसलो असतो. पण मी माझ्या जागी होतो ना, तिथेच तर सगळा घोळ झाला!

जळगावात आमची पाच जणांची एक टोळी आहे. दर रविवारी सकाळी प्रसादच्या झेरॉक्सच्या दुकानात आम्ही लॅपटॉप घेऊन बसतो. एकाने चिठ्ठी उचलायची, त्यावर जो विषय निघेल त्यावर दोन तासांत मोबाइलवरचा गेम बनवायचा. चांगला झाला पाहिजे अशी अट नाही, चालू झाला की बस! एकाने एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा पकडायचा गेम केला होता. मी गच्चीवरच्या पापडांवरून कबुतरं हाकलायचा केला, त्यात शेवटी कबुतरंच जिंकायची. आमच्या बायकांच्या मते हे रिकामटेकडेपण आहे. आमच्या मते कला आहे.

तर एका रविवारी चिठ्ठी निघाली, ‘ज्याला हरवता येत नाही असा शत्रू’. बाकीचे डोकं खाजवत बसले. मला मात्र एका क्षणात चेहरा दिसला. पारोळ्याचे आबा!

आबा म्हणजे माझ्या बायकोचे, वैशालीचे, फुवा, म्हणजे आत्याचे यजमान. तिच्या माहेरचे थोरले जावई. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. आता आपल्याकडे लग्नात टॉवेल-टोपीचा मान असतो, तुम्हाला माहीतच आहे. माइकवरून नाव पुकारायचं, माणसाने पुढे यायचं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. आणि आबा प्रत्येक लग्नात हमखास रुसायचे. नाव उशिरा घेतलं म्हणून, हळू घेतलं म्हणून, चहा अर्धा कप दिला म्हणून! मंडपाच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून, तोंड कनातीकडे करून बसायचे. मग अर्धा तास सगळं लग्न त्यांच्या पाया पडायचं.

झालं! साखरपुड्याच्या फोटोतून आबांचा चेहरा कापला. त्यांनी पाठवलेल्या एका व्हॉइस मेसेजमधून आवाज उचलला, “माले कोनी इचारं का?” गेम असा, की आबा खुर्चीवर पाठ फिरवून बसलेत आणि तुम्ही त्यांना उठवायचं. चहा न्या, टोपी न्या, नारळ न्या. प्रत्येक वेळी ते थोडे वळतात, तुम्हाला वाटतं जमलं, आणि तेवढ्यात “माले कोनी इचारं का?” म्हणून पुन्हा कनातीकडे! टोळी हसून हसून आडवी झाली. प्रसादच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तर हवेतच होतो.

त्याच हवेत मी तो गेम माझ्या साल्याला, भूषणला, पाठवला. दोन आठवड्यांवर त्याचं लग्न होतं. म्हटलं, बिचारा धावपळीत आहे, जरा हसेल.

हळदीच्या दिवशी सासुरवाडीला पोहोचलो. बघतो तर काय! ओट्यावरून, स्वयंपाकघरातून, मंडप बांधणाऱ्यांच्या खिशातून, जिकडे तिकडे “माले कोनी इचारं का?” सगळ्या गावाच्या मोबाइलमध्ये आबा! बाया मला बोटाने दाखवत होत्या, “हाऊच तो, हाऊच जवाई!” आणि मी मूर्ख! मला वाटलं, शेवटी आपल्या कलेची कदर झाली. मी एका आज्जीबाईंचा हात धरून त्यांना खेळायला शिकवलं. कॉलर तेवढी वर करायची बाकी होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली. “जवाईबापू, जरा आठे या.”

आबा. त्यांच्या हातात मोबाइल. चष्मा नाकाच्या टोकावर. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पडल्या असत्या तर बरं झालं असतं हो!

“मी अर्धा तासफाईन त्याले चहा पाजी राह्यनू,” ते शांतपणे म्हणाले. “उठसच नही. यामा आबा उठस कसा?”

“आबा… ते… तो उठत नाही. दोनच तास होते. शेवट करायला वेळ मिळाला नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे पाहिलं. “मानूस उठसच नही, असा खेळ कोन बनाडस, बापू?” एवढंच म्हणाले, आणि मोबाइल खिशात टाकून मांडवाच्या दोऱ्या बघायला निघून गेले.

मी वैशालीला शोधलं. म्हटलं, आबा फार मनाला लावून घेतील का गं? ती हळदीच्या हातांनीच माझ्यासमोर उभी राहिली. “तुम्हाला खरंच माहीत नाही? आपलं लग्न कसं ठरलं ते?”

“कसं म्हणजे? मी पसंत पडलो.”

“कोणाला? पप्पा म्हणाले होते, मोबाइलमध्ये कबुतरं हाकलतो त्या पोराला पोरगी द्यायची नाही. तेव्हा आबा रुसून बसले. म्हणाले, पोरगं हुशार शे, पोर त्यालेच द्या, नहीतर मी जेवाव नही. दोन जेवणं सोडली त्यांनी. तेव्हा कुठे पप्पा हो म्हणाले.”

आता सांगा, माणसाने तोंड कुठे लपवायचं? ज्या रुसण्याने मला बायको मिळाली, त्याच रुसण्याचा मी तमाशा करून गावभर वाटला होता! मी घरभर हिंडून एकेकाला म्हणालो, काढून टाका हो तो गेम. लोकांना वाटलं, नवीन येणार आहे.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. टॉवेल-टोपी सुरू झाली. पहिलं नाव आबांचं. सगळा मंडप श्वास रोखून बघतोय. आणि आबा उठले! पहिल्या हाकेला! टोपी घेतली, टॉवेल घेतला, हात जोडले, जागेवर येऊन बसले. ना कोपरा, ना कनात. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. त्या माणसाचा रुबाब मी खाऊन टाकला होता.

पण पुढचं ऐका. आबांच्या रुसव्याच्या अर्ध्या तासात सासरे नेहमी यादी पुन्हा वाचायचे आणि सुटलेली नावं घ्यायचे. या वेळी रुसवाच नाही! दहा मिनिटांत यादी संपली, माइक बंद, पंगती बसल्या.

आणि माझं नाव? राहिलं!

मला काय त्याचं? मी शिकलेला माणूस. टॉवेल घरी सात आहेत, टोपी मी घालत नाही. अगदी खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. फक्त भूक नव्हती. म्हणून जरा मंडपामागे खुर्ची टाकून बसलो. वारा तिकडून येत होता, म्हणून तोंड कनातीकडे केलं.

वैशाली आली. “अहो, चला की. वरण-बट्टी गार होतेय.”

“तुम्ही जेवा.”

“झालं काय?”

आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ सांगतो, आपोआप निघालं, “मला कोणी विचारलं का?”

तिच्या हातात मोबाइल होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

थोड्या वेळाने पाठीमागे चपला वाजल्या. डोक्यावर काहीतरी बसलं, खांद्यावर काहीतरी पडलं. आबांची टोपी आणि आबांचा टॉवेल! “चाला, उठा बापू,” ते म्हणाले. “माले अनुभव शे. रुसी बसनं का पह्यले भूकच लागस.”

मी त्यांच्या पाया पडलो. “आबा, चुकलं माझं,” म्हटलं. डोळे पुसले, ते त्यांच्याच टॉवेलला. ते म्हणाले, “तो खेळ तेवढा पुरा करी टाका. शेवट ते दखना ना आते?” आणि पंगतीत मला शेजारी बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने बट्टी कुस्करून दिली.

पुढच्या रविवारी मी खेळ पूर्ण केला. आता खुर्चीवरचा माणूस उठतो. आबांचा फोटो काढून माझा टाकला, मंडपामागचा, वैशालीने काढलेला. आवाजही माझाच, तोही तिच्याकडे तयार होता! सगळ्यात आधी पारोळ्याला पाठवला.

परवा आबांचा फोन आला. आवाजात तोच जुना रुबाब.

“जवाईबापू, सारं गाव टोपी, टॉवेल, नारळ दी दी दमनं. माले तुमले उठाडाले एक चहा पुरस. आनि तो बी अर्धा कप!”